नावं झाकली, भाषणं रचली: 'जंटलमन्स मॅगझिन' आणि संसदेच्या वृत्तांवरची बंदी (१७३८ ते १७४७)

प्रकरण अभ्यास लिहायला बसलं की आधी नावं झाकावी लागतात. इथे मी ती झाकलेली नाहीत. एक तर या प्रकरणातली माणसं जाऊन दोन-अडीचशे वर्षं झाली. दुसरं म्हणजे हे प्रकरण मुळात नावं झाकण्याचंच आहे. नावं झाकल्यावर आतल्या मजकुराचं काय होतं, तो सैल कसा होत जातो, आणि वाचक मात्र त्यावर आणखी घट्ट विश्वास का ठेवू लागतो, हे ज्याला बघायचं असेल त्याला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

पार्श्वभूमी

एडवर्ड केव्ह १६९१ साली इंग्लंडमधल्या रग्बीजवळच्या न्यूटन गावात जन्मला. बाप जोडे शिवणारा. पोरगं हुशार म्हणून रग्बीच्या शाळेत गेलं, पण मुख्याध्यापकांच्या बायकोचा कोंबडा पळवल्याचा आळ आला आणि शाळेत राहणं अवघड झालं. मग अबकारी वसुलीवाल्याच्या हाताखाली, लाकडाच्या व्यापाऱ्याकडे, छापखान्यात उमेदवारी, असं करत करत तो लंडनच्या टपाल खात्यात चिकटला. खासदारांना पत्रं फुकट पाठवायची सवलत होती आणि तिचा मनमुराद गैरवापर चालायचा. तो पकडण्याचं काम केव्हकडे. अर्थात खासदार मंडळींचं आणि त्याचं तेव्हापासूनच फारसं जमत नव्हतं.

टपालात असल्याने देशातली सगळी वर्तमानपत्रं त्याच्या नजरेखालून जात. गावाकडच्या खबरा लंडनच्या पत्रांना आणि लंडनच्या खबरा गावाकडच्या पत्रांना पुरवायचा जोडधंदा त्याने सुरू केला. त्यातच १७२८ साली ग्लॉस्टरच्या एका पत्राला संसदेच्या कामकाजाची टिपणं पुरवल्याबद्दल त्याला संसदेच्या निवडून आलेल्या सभासदांच्या कॉमन्स सभागृहाने काही दिवस अटकेत ठेवलं. ही गोष्ट लक्षात ठेवायची. पुढे जे काही केलं ते अजाणतेपणी केलं असं केव्हला म्हणता येणार नव्हतं.

जानेवारी १७३१ मध्ये त्याने लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या सेंट जॉन्स गेटमधून 'जंटलमन्स मॅगझिन' हे मासिक सुरू केलं. १५०४ साली बांधलेली ही दगडी वेस, एका जुन्या मठाचं प्रवेशद्वार. वेशीचंच चित्र मुखपृष्ठावर, संपादकाचं टोपणनाव 'सिल्व्हॅनस अर्बन', म्हणजे अर्धा रानातला अर्धा शहरातला, आणि किंमत सहा पेन्स. लंडनमध्ये महिन्याला दोनशेच्या वर अर्धे ताव छापून बाहेर पडतात, ते सगळे कोण वाचणार आणि कोण जपून ठेवणार, असा त्याचा सवाल होता. त्यातलं निवडक एका जागी देणारं पुस्तक म्हणून त्याने 'मॅगझिन' हा शब्द उचलला. तोवर या शब्दाचा अर्थ कोठार असा होता, मालाचं किंवा दारूगोळ्याचं. मूळ अरबी, आणि ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून आपला 'खजिना' आला आहे. नियतकालिकाला हा शब्द पहिल्यांदा लागला तो इथे.

इंग्रजीतलं हे पहिलं मासिक मात्र नव्हे. १६९२ मध्ये पीटर मॉट्यूने 'जंटलमन्स जर्नल' काढलं होतं. हातात धरलेला फुलांचा गुच्छ आणि 'अनेकांतून एक' हे लॅटिन ब्रीद केव्हने तिथूनच घेतलं. (हेच ब्रीद पुढे अमेरिकेच्या राजमुद्रेवर गेलं.) केव्हचं वेगळेपण कल्पनेपेक्षा चिकाटीत होतं. हा माणूस खिडकीबाहेर पाहायचा तोसुद्धा मासिकाचाच विचार करत, असं त्याच्याकडे लिहिणाऱ्या आणि पुढे इंग्रजी शब्दकोशाने गाजलेल्या सॅम्युएल जॉन्सनने म्हटलं आहे. कोणी वर्गणी बंद करणार असं कानावर आलं की केव्ह म्हणे, पुढच्या महिन्यात काहीतरी चांगलं देऊ या.

१७३२ मध्ये लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन 'लंडन मॅगझिन' काढलं. तोच आकार, तोच बाज. या प्रतिस्पर्ध्याला विसरून पुढचं काहीच कळणार नाही.

अडचण

संसदेतले वादविवाद छापायला तत्त्वतः कायमच मनाई होती. तरी एबल बॉयर १७११ पासून आपल्या मासिक पुस्तिकेत ते छापत आला होता. अधिवेशन चालू असताना गप्प बसायचं, संपलं की छापायचं, आणि नावांची अक्षरं गाळायची, अशी एक न बोललेली तडजोड होती. रॉबर्ट वॉलपोल असेल तर 'सर रॉ-ट वॉ-ल'. शेंबड्या पोरालाही कळेल असं. केव्हने १७३२ पासून बॉयरच्याच पुस्तिकेतला मजकूर उचलायला सुरुवात केली आणि १७३६ पासून स्वतःची व्यवस्था उभी केली. 'लंडन मॅगझिन'ही तेच करत होतं. वाचकाला हा मजकूर हवा होता. मतदार असो वा नसो, आपल्यावर कर बसवणारी माणसं आत बसून काय बोलतात, हे त्याला कळायला दुसरी वाट नव्हती.

१३ एप्रिल १७३८ रोजी कॉमन्स सभागृहाने ठराव केला. वादविवादांचा वृत्तांत छापणं हा सभागृहाचा घोर अपमान आणि उघड हक्कभंग आहे, आणि तो अधिवेशनात छापला काय किंवा अधिवेशनाबाहेर छापला काय, सारखाच. जुन्या तडजोडीचा आधारच गेला.

त्या दिवशी पंतप्रधान वॉलपोलने केलेली तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. आपण बोललो त्याच्या नेमकं उलट आपल्या तोंडी घातलेलं वाचलं आहे, आणि काही वृत्तांतांत सगळी विद्वत्ता आणि सगळा विनोद एकाच बाजूला ओतलेला असतो, असं तो म्हणाला. बंदी घालणाऱ्याची तक्रार म्हणून ती आपण झटकून टाकतो. मीही पहिल्यांदा वाचताना झटकली होती. पण तक्रार खरी होती, आणि त्याने सुचवलेल्या उपायाने ती आणखी खरी झाली.

समोरचे पर्याय

केव्हने असे पर्याय कुठे लिहून ठेवलेले नाहीत. त्याची परिस्थिती पाहून ही मांडणी मी केली आहे.

छापणं बंद करणं हा सगळ्यात सोपा. पण 'लंडन मॅगझिन' बंद करणार नसेल तर सहा पेन्स तिकडे जाणार. ठराव झुगारून उघड छापणं म्हणजे सरळ अटक. १७२८ चा अनुभव गाठीशी होता, आणि तेव्हा केव्ह कुणाचा तरी नोकर होता, आता स्वतःचा छापखाना होता. संसद बरखास्त होईपर्यंत, म्हणजे ठराव करणारं सभागृहच उरणार नाही तोवर, थांबणं हा तिसरा. तेव्हा एका संसदेची मुदत सात वर्षांपर्यंत असायची, चालू संसद १७३४ ची. म्हणजे वाचकाला १७४१ पर्यंत थांबवायचं. मासिकाच्या धंद्यात हे न छापण्यासारखंच.

चौथा पर्याय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणीच गंभीरपणे घेतलेला दिसत नाही. माणसांची भाषणं न देता फक्त मुद्दे द्यायचे. या विधेयकाच्या बाजूने असं म्हटलं गेलं, विरोधात असं, मतदान इतकं. ठरावाच्या शब्दांत हेही बसत होतं, त्यामुळे धोका होताच. पण कोणाच्याही तोंडी न बोललेले शब्द गेले नसते. हा मार्ग रुक्ष होता, आणि रुक्ष मजकुराने खप वाढत नाही.

उरला वेषांतराचा मार्ग. 'लंडन मॅगझिन'ने त्यात आघाडी घेतली. मे १७३८ च्या अंकात एका 'राजकीय मंडळा'ची चर्चा छापून आली, आणि मंडळाच्या सभासदांची नावं प्राचीन रोमन. केव्हला आता महिन्याभरात काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

काय केलं

स्विफ्टचं गलिव्हरच्या प्रवासांचं पुस्तक १७२६ साली आलं होतं आणि लिलिपुट हा बोटभर माणसांचा देश घरोघरी माहीत होता. जून १७३८ च्या अंकात केव्हने वाचकांना कळवलं की गलिव्हरचा नातू त्या देशात जाऊन आला असून तिथल्या थोर राज्यसभेचे वादविवाद घेऊन आला आहे. आता दर महिन्याला ते छापू.

मग वॉलपोलचा 'वालेलॉप' झाला, विरोधकांचा नेता पुल्टनी याचा 'पुल्नब', तरुण खासदार पिटचा 'प्टिट'. लॉर्ड म्हणजे 'हर्गो', कॉमन्सचा सभासद म्हणजे 'क्लिनॅब'. लंडन स्विफ्टचंच 'मिलडेंडो' आणि फ्रान्स 'ब्लेफुस्कु'. पाउंडाला 'स्प्रग' आणि अमेरिकेला 'कोलंबिया'. 'पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग समजावा' ही आपल्या सिनेमांची पाटी, तिचाच हा पूर्वज म्हणायचा. फरक इतकाच की इथे साम्य आढळावं यासाठीच सगळा खटाटोप होता.

कायद्याच्या दृष्टीने हे अगदीच पोकळ कवच होतं. तरी ते चाललं, आणि त्याचं कारण माझ्या मते असं: हक्कभंगाची कारवाई करायची तर सभागृहात कोणीतरी उभं राहून सांगायला हवं की 'अध्यक्षमहाराज, हा वालेलॉप म्हणजे आपले पंतप्रधान.' ते तोंडाने म्हणणं म्हणजे सभागृहाने स्वतःचंच हसं करून घेणं.

आता आतला मजकूर कसा तयार व्हायचा ते पाहू, कारण खरा गुंता तिथे आहे.

पुढे जॉन्सनचं चरित्र लिहिणाऱ्या जॉन हॉकिन्सने नोंदवल्याप्रमाणे केव्ह एक-दोन मित्रांना घेऊन प्रेक्षकांच्या सज्जात किंवा एखाद्या आडोशाच्या जागी शिरायचा. तिथे लपूनछपून टिपणं घ्यायची, मग जवळच्या दारूच्या गुत्त्यात बसून सगळ्यांची टिपणं ताडून पाहायची. कोण बोललं, कोणत्या बाजूने, कोणत्या क्रमाने, आणि एखादं ठळक वाक्य. ही जुळवणी विल्यम गथ्री नावाच्या लेखकाकडे जायची आणि तो भाषणं लिहायचा. १७३८ पासून गथ्रीचा मजकूर तपासायला आणखी एक माणूस आला, लिचफिल्डहून दारिद्र्य बरोबर घेऊन आलेला सॅम्युएल जॉन्सन.

नोव्हेंबर १७४० नंतरच्या वादविवादांचं लेखन पूर्णपणे जॉन्सनच्या हाती आलं. जुलै १७४१ ते मार्च १७४४ या काळातल्या अंकांत जी भाषणं आहेत ती त्याची. सज्जात तो गेलाच तर एकदा गेला असेल. त्याच्यापर्यंत जे यायचं ते गुत्त्यात ताडलेलं टिपण, कधी कधी फक्त बोलणाऱ्यांची नावं आणि त्यांची बाजू. पुढे त्याने स्वतःच पद्धत सांगितली: एक नाव धरायचं, त्याच्यासाठी युक्तिवाद रचायचा, मग त्याला उत्तर रचायचं.

सेंट जॉन्स गेटमधल्या एका खोलीत तो स्वतःला कोंडून घ्यायचा. जुळारी किंवा केव्हचा पोरगा सोडून कोणी दाराशी यायचं नाही. कागद लिहून झाला की दाराबाहेर भिरकावायचा, पोरगा तो उचलून खिळे जुळवणाऱ्याकडे पळायचा. वेग तासाला छापील तीन स्तंभ. ज्याने वेळेवर मजकूर मिळवण्यासाठी लेखकांच्या मिनतवाऱ्या केल्या आहेत त्या संपादकाला हे वाचून केव्हचा हेवाच वाटेल. मला वाटतो. आणि नेमक्या याच हेव्याच्या जागी घोटाळा आहे. वेग इतका होता, कारण ताडून बघण्यासारखं समोर काही नव्हतं.

मध्ये एक प्रसंग. १७४४ मध्ये केव्हकडे जेवायला आलेल्या एका पाहुण्याने जॉन्सनच्या नव्या पुस्तकाची तोंड भरून स्तुती केली. काही दिवसांनी केव्हने त्याला सांगितलं की त्या दिवशी तुम्ही एका माणसाला फार खूश केलंत. पाहुणा म्हणाला, आपण दोघंच तर होतो. तेव्हा केव्हने आठवण करून दिली की पडद्यामागे एक ताट पाठवलं होतं. कपडे इतके फाटके होते की जॉन्सनला समोर येववत नव्हतं. संसदेतले लॉर्ड ज्याच्या शब्दांत बोलत होते त्याची ही अवस्था.

परिणाम

धंद्याच्या हिशेबात प्रयोग कमालीचा यशस्वी झाला. हॉकिन्सच्या मते खप दहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेला. केव्हने एक जुनी बग्गी आणि तिच्याहून म्हाताऱ्या घोड्यांची जोडी विकत घेतली. बग्गीच्या दारावर मोठी माणसं कुळाची मुद्रा काढून घेत, याने सेंट जॉन्स गेटचं चित्र काढून घेतलं.

वाचकाच्या हिशेबात काय झालं हे जास्त विचार करण्यासारखं आहे. अक्षरं गाळलेली नावं होती तेव्हा वाचकाला मजकूर छापणाऱ्याचा वाटायचा. आता तो कोडं सोडवू लागला. 'हर्गो कास्ट्रोफ्लेट' म्हणजे चेस्टरफील्ड, हे त्याने स्वतः ओळखलं. ओळखल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरात पुढचा प्रश्न राहूनच गेला: हा चेस्टरफील्ड असेल, पण हे शब्द त्याचेच कशावरून? वेष उतरवला की आतला माणूस खरा मानायचा, अशी आपल्या सगळ्यांचीच खोड आहे. शिवाय यातले वादविवाद घडल्यानंतर वर्ष-दीड वर्षाने, काही त्याहूनही उशिरा छापून येत. तोवर सज्जात बसलेल्याच्याही कानात मूळ शब्द उरलेले नसत.

मुद्दे मात्र सगळे हवेतले नव्हते. लॉर्डांच्या सभागृहात बसणाऱ्या बिशप सेकरने स्वतःसाठी टिपणं ठेवली होती. त्यांच्याशी ताडून पाहिलं तर जॉन्सनच्या वृत्तांतांतले युक्तिवाद पुष्कळदा जुळतात. भाषा जुळत नाही. सगळे वक्ते एकाच घडणीच्या तोलदार वाक्यांत बोलतात. ती घडण जॉन्सनची.

१७४१ च्या मार्चमध्ये खलाशांच्या भरतीवरच्या चर्चेत तरुण पिटने 'तरुण असण्याच्या भयंकर गुन्ह्या'बद्दल दिलेलं उत्तर वक्तृत्वाच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापलं गेलं. फार पुढे सॅम्युएल फूट या नटाच्या घरी जेवणावळीत या भाषणाचा विषय निघाला. डिमॉस्थेनिस या प्राचीन ग्रीक वक्त्याचं भाषांतर करण्यात वर्षं घालवलेला एक विद्वान म्हणाला की ग्रीकांतही याच्या तोडीचं काही नाही. सगळ्यांची स्तुती करून झाल्यावर जॉन्सन म्हणाला, ते भाषण मी एक्झिटर स्ट्रीटच्या माळ्यावरच्या खोलीत लिहिलं. मग कोणी तरी त्याच्या निष्पक्षपणाची तारीफ केली तेव्हा तो म्हणाला, दोन्ही बाजूंची अब्रू मी बऱ्यापैकी राखली, पण व्हिग (म्हणजे वॉलपोलच्या पक्षाच्या) कुत्र्यांची सरशी होणार नाही एवढी काळजी घेतली. वॉलपोलची १७३८ ची तक्रार इथे पुन्हा वाचावी.

१७७७ मध्ये चेस्टरफील्डचं संकीर्ण लेखन निघालं, त्यात जॉन्सनने रचलेली दोन भाषणं चेस्टरफील्डची म्हणून गेली. एक डिमॉस्थेनिससारखं आणि दुसरं रोमन वक्ता सिसेरोसारखं असल्याचा शोध लोकांनी लावला, याची जॉन्सनला भारी गंमत वाटली.

पण त्याला फक्त गंमतच वाटली असं नाही. ही भाषणं लोक खरी मानतात हे कळल्यावर, असत्य पसरवण्यात आपला हात नको, म्हणून त्याने १७४४ च्या सुमारास काम सोडलं. कादंबरीकार स्मॉलेट इंग्लंडचा इतिहास लिहिणार तेव्हा मासिकातल्या वादविवादांवर विसंबू नका, असं त्याला बजावलं. मासिकाच्या वाचकाला मात्र कोणी काहीच सांगितलं नाही. लिलिपुटची मालिका १७४६ पर्यंत चालू राहिली.

केव्ह पकडला गेला तो गंमत म्हणजे लिलिपुटमुळे नव्हेच. १७४७ मध्ये बंडखोर लॉर्ड लोव्हॅटवर लॉर्डांच्या सभागृहापुढे खटला चालला आणि त्याचा डोकं उडवून शेवट झाला. दोन्ही मासिकांनी खटल्याचा वृत्तांत छापला, उघड नावांनी. एप्रिलअखेर केव्ह आणि 'लंडन मॅगझिन'चा प्रकाशक थॉमस ॲस्टली दोघांनाही ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभं केलं. वादविवाद कसे मिळवता, हाही प्रश्न आलाच. केव्हने सांगितलं की आत जाऊन ऐकतो, शिसपेन्सिलीने थोड्या ठळक गोष्टी टिपून घेतो आणि घरी आठवून जुळवतो. भाषणं लिहायला कोणी पगारी माणूस ठेवला होता का? नाही, म्हणाला. गुडघे टेकून माफी मागितली, समज मिळाली, शुल्क भरून सुटका झाली. मासिकातले वादविवाद पुढची काही वर्षं बंदच राहिले.

१७७१ मध्ये काही छापखानेवाल्यांनी उघड नावांनी वृत्तांत छापले, लंडनच्या महापौराने त्यांची बाजू घेतली आणि त्यापायी तो टॉवरच्या तुरुंगात गेला. लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर सभागृहाने छापणाऱ्यांच्या मागे लागणं सोडलं. कागदावरची मनाई मात्र कॉमन्सने १९७१ मध्ये सोडली, तब्बल दोनशे वर्षांनी.

या कागदावरच्या मनाईचा धागा आपल्याकडेही येतो. आपल्या राज्यघटनेने संसदेचे आणि विधिमंडळांचे विशेषाधिकार ठरवताना, घटना लागू झाली त्या दिवशी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाला जे होते ते, अशी मूळ व्याख्या केली होती. बिहार विधानसभेतला कामकाजातून वगळलेला मजकूर एका दैनिकाने छापला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला की असं छापणं रोखण्याचा अधिकार कॉमन्सला १९५० मध्ये होता का. बहुमताने न्यायालय 'होता' म्हणालं. कामकाजाचा खराखुरा वृत्तांत छापायला घटनेचं संरक्षण आपल्याकडे आलं ते १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

लोक सहसा जून १७३८ च्या निर्णयावर चर्चा करतात: वेषांतर नैतिक होतं का, वगैरे. मला ती जागा तितकी अवघड वाटत नाही. बंदी अन्यायाची होती, वाचकाला हक्क होता आणि सोंग सगळ्यांना कळणारं होतं. त्यात फसवणूक अशी नव्हतीच. केव्हच्या जागी मीही बहुधा हेच केलं असतं, फक्त लिलिपुट सुचलं नसतं.

खरी जागा १७४० च्या अखेरीची आहे, आणि ती कोणाला निर्णय वाटलीच नसावी. गथ्रीऐवजी जॉन्सन लिहील, एवढाच तो बदल. पण टिपणं तेवढीच राहिली आणि लिहिणारा दसपट ताकदीचा आला. हाताशी असलेली माहिती आणि छापलेला मजकूर यांतली दरी आजवर गथ्रीच्या सामान्य गद्यामुळे दिसत तरी होती. जॉन्सनने ती इतकी सुबक भरून काढली की ती दिसेनाशी झाली. मजकूर सुधारला म्हणून केव्ह खूश होता, खप वाढला म्हणून आणखी खूश. टिपणं तेवढीच असताना भाषणं लांब कशी होत चालली, हे विचारणं संपादकाचं काम होतं. ते त्याने केलं नाही.

उपाय फार मोठा लागला नसता. लिलिपुटच्याच भाषेत दर मालिकेच्या आरंभी दोन ओळी पुरल्या असत्या: नातवाची टिपणं त्रोटक आहेत, मुद्दे त्याचे आहेत, शब्द इथल्या लेखनिकाचे आहेत. सोंगाच्या आतच ही कबुली बसली असती आणि हक्कभंगाचा धोका तिने कणभर वाढला नसता, उलट कमीच झाला असता. खप थोडा घटला असता, हे खरं. दुसरं म्हणजे सभासदांकडून त्यांची भाषणं मागवायची खटपट केव्ह अधूनमधून करायचा. मिळालेलं भाषण आणि रचलेलं भाषण यांच्यात एखाद्या खुणेचा फरक ठेवता आला असता. छापखान्यात फुल्या आणि खंजीर काही कमी नव्हते.

दुसरी जागा जॉन्सनच्या राजीनाम्याची. त्याचं गप्प निघून जाणं प्रामाणिक माणसाचं होतं, पण अर्धवट. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं, वाचकाच्या हातातले अंक जसेच्या तसे राहिले. वर्गात हे प्रकरण घेतो तेव्हा विद्यार्थी इथे जॉन्सनची बाजू घेतात. घरात खायला नसलेल्या माणसाने मालकाचं बिंग फोडावं ही अपेक्षा चुकीची आहे, म्हणतात. मला हे पटतं. पण १७४४ पासून मरेपर्यंत चाळीस वर्षं होती, आणि त्यातली निदान वीस वर्षं तो केव्हपेक्षा कितीतरी मोठा माणूस होता.

तिसरी जागा १७४७ मधल्या त्या 'नाही'ची. तोवर केव्हने कायद्याशी लपंडाव खेळला होता, पण तोंडाने धडधडीत खोटं बोलावं लागलं नव्हतं. पगारी माणूस नव्हता असं म्हणताना त्याने शब्दाचा कोणता कीस काढला असेल, जॉन्सनला पगार नव्हे तर मजकुराचे पैसे मिळत असं काही, ते तोच जाणे. खरं बोलला असता तर एका जुन्या, गरीब लेखकाला त्याने लॉर्डांपुढे उभं केलं असतं. इथे त्याला दोष द्यायला माझी लेखणी धजत नाही.

केव्ह जानेवारी १७५४ मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात मासिकात त्याचं चरित्र आलं, लिहिणारा जॉन्सन. शुद्धीवर असताना केव्हने केलेल्या शेवटच्या गोष्टींपैकी एक म्हणजे हे लिहिणारा हात त्याने प्रेमाने दाबला, असं त्यात आहे.

आणि डिसेंबर १७८४ मध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, जॉन्सनने जॉन निकल्सला बोलावून सांगितलं की आयुष्यभरात जे लिहिलं त्यातल्या एकाच गोष्टीची बोच आहे, ती म्हणजे मासिकातले ते वादविवाद. लिहिताना मात्र आपण जगाला फसवतो आहोत असं वाटलं नव्हतं. निकल्स तेव्हा तेच मासिक चालवत होता.